गळका हौद आणि आक्काच्या दोन खोल्या

तासगाव,
२२ जुलै २०२५

ती. आक्काताईस,
श्रेणिकचा जय जिनेंद्र.

पत्र लिहायला बसलो आणि बराच वेळ पेन शोधण्यातच गेला. घरात चार्जर सापडले, हेडफोन सापडले, सम्मेदची दहावीतली कंपासपेटी सापडली, पण लिहितं पेन काही सापडेना. शेवटी तुझ्या भावजयीने, सुंदरीनेच, दूधवाल्याकडून मागून आणलं. चातुर्मासात मोबाइलला हात लावणार नाही आणि दिवाळीपर्यंत साताऱ्याची हद्द ओलांडणार नाही, असे दोन नियम तू एकदम घेतलेस. एकच घेतला असतास तरी महाराजांनी आशीर्वाद दिलाच असता. वर शेजारणीच्या फोनवरही निरोप द्यायचा नाही म्हणालीस. मग दुसरा उपाय राहिला नाही.

काम असं आहे. घरामागचा पोहण्याचा पूल गळतोय. कितीही भरा, चार दिवसांत पाणी गुडघ्याखाली येतं. बेदाण्याच्या शेडचं प्लंबिंग ज्याने केलं तो रसूलभाई येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं, दोनच रस्ते आहेत. एक तर सगळ्या फरशा उखडून आतून नव्याने वॉटरप्रूफिंग करायचं, नाहीतर पूल फोडून मुरूम भरायचा आणि जमीन सपाट करायची. "मधलं काय बी नको मालक, पैसे पाण्यात जातील," असं म्हणून तो स्वतःच हसला.

अण्णांनी मागची ती जागा तुझ्या नावावर केली, म्हणून तुला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. मे महिन्यात शाळेतून निवृत्त झालीस तेव्हा तू म्हणाली होतीस, की आता तुझा पूल काढ, मला तिथं दोन खोल्या बांधून राहायला यायचंय. मी हो म्हणालो होतो, हे मला आठवतंय. पण आता वाटतं, दुरुस्त करून ठेवावा. निदान वर्षभर तरी. तुझी काही हरकत?

बाकी सगळं ठीक. द्राक्षबागेत पाऊस जरा जास्तच झालाय. आई बरी आहे.

तुझा,
श्रेणिक


सातारा,
२८ जुलै २०२५

चि. श्रेणिकास अनेक आशीर्वाद.

पेन सापडलं हे वाचून बरं वाटलं. ते दूधवाल्याला परत कर.

हरकत आहे. पूल काढ.

आठवतंय ना तो कसा झाला? बेदाण्याला दर बरा मिळाला, तुझा सम्मेद जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धेत तिसरा आला, आणि तुझ्या डोक्यात वारं शिरलं. माझी जागा मोकळी पडली होती म्हणून मी 'बांध' म्हणाले. उद्घाटनाच्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दारापुढे एक पाऊल आली नाही. न गाळलेलं पाणी साठवायचं, त्यात औषध टाकून जीव मारायचे आणि त्यातच डुंबायचं, हे तिला आजवर पटलेलं नाही. सम्मेद पुण्याला नोकरीला गेला. तू कमरेएवढ्या पाण्यात उतरायला घाबरतोस. आता तिथं पोहतं कोण, बेडूक?

माझं सांगते. लग्न होऊन साताऱ्याला आले, हे गेल्यावर नोकरीसाठी राहिले. आता नोकरीही नाही. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. संध्याकाळी मंदिरातून परत आले की कुलूप उघडल्याचा आवाज होतो आणि त्यानंतर घरात कसलाच आवाज होत नाही. मला तिकडे यायचंय, श्रेणिक. भावाकडे पाहुणी म्हणून नाही. मला माझ्या दाराला माझं कुलूप हवंय, आणि ते दार आईच्या दारासमोर हवंय. जगात माझ्या नावावर तेवढाच तुकडा आहे आणि त्याच्या मधोमध तुझा खड्डा आहे.

मात्र फोडाफोडी दिवाळीनंतर. चातुर्मासात जमीन खणायची नाही. आणि आत साठलेलं हिरवं पाणी तसंच गटारात सोडू नकोस, त्यात बेडकांची पिल्लं असतील. आधी गाळून घ्या आणि गाळलेले जीव जिथलं पाणी तिथंच, म्हणजे आपल्या विहिरीत सोडा. वरून ओतू नका. आईची तळाला कडी असलेली बादली आहे ना, ती पाण्याला टेकवून मग उलटी करायची. आई दाखवेल.

पत्राच्या शेवटी आईच्या दोन ओळी नाहीत त्या? ती सांगते आणि सुंदरी लिहिते, असा रिवाज आहे आपला. विसरू नकोस.

तुझी,
आक्का


तासगाव,
६ ऑगस्ट २०२५

ती. आक्काताईस,
जय जिनेंद्र.

तू सांगितल्याप्रमाणे केलं. मी आणि सुंदरी दोन दिवस धोतराच्या चौपदरी कापडातून पूल गाळत होतो. शेजारचा आकाराम कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "आवं, काय हरवलंय का?" मी म्हणालो, बेडकं मोजतोय. बादलीत भरून सगळी पिल्लं विहिरीत पोचवली. रात्री विहिरीतून जो काही गलका चालतो, त्याचं पुण्य तुझ्या खात्यावर.

पूल रिकामा करून धुतला. आता रोज सकाळी बोअरचं पाणी सोडून छातीएवढा भरतो, दुसऱ्या दिवशी ते उतरतं, परत भरतो. गळतीचं पाणी कुठं जातं कळत नाही. एका फटीपाशी निळीची पुडी सोडून बघितली, पण निळा रंग तिथल्या तिथंच फिरत राहिला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तरी मी दुरुस्तीच म्हणतोय. पायऱ्यांना स्टीलचं रेलिंग बसवायचं आहे, आणि पाणी कोमट राहावं म्हणून छपरावर सोलर. फरशी खरबरीत टाकायची, म्हणजे पाय घसरणार नाही. तुझ्यासाठी वरची पूर्वेची खोली रिकामी करतो. रंग देऊन घेऊ, बाथरूम आतच आहे. वर्षभर तिथं राहा, मग बघू.

कारण विचारू नकोस. आहे काहीतरी, म्हणून म्हणतोय.

आई आत्ता झोपली आहे, म्हणून ओळी राहिल्या.

तुझा,
श्रेणिक


सातारा,
११ ऑगस्ट २०२५

चि. श्रेणिक,

कारण विचारू नकोस म्हणतोस, तर मीच सांगते. स्टीलचं रेलिंग, सोलरचं कोमट पाणी, न घसरणारी फरशी, रोज ताजं पाणी. घरात पोहणारं माणूस एक नाही आणि तयारी मात्र हॉटेलची. शिरवळपासून इकडे महामार्गालगत असली फार्महाऊस जागोजाग झाली आहेत. शनिवारी पुण्याहून गाड्या येतात, रात्रभर गाणी लागतात, आणि सकाळी हौदावर काय काय तरंगत असतं ते आमच्याकडे कामाला येणारी मंगल सांगते. तिची बहीण तिथं झाडलोट करते. तू तेच करणार आहेस. आईच्या डोळ्यांदेखत! म्हणूनच तिच्या ओळी येत नाहीत. तिला तू सांगितलं असशील आणि ती तुझ्याशी बोलत नसेल. बरोबर?

वरची खोली मला नको. जिना चढून-उतरून मी साताऱ्यातही कंटाळले आहे. आणि 'वर्षभर राहा, मग बघू' हे तू कुणाला म्हणतोस? तुला पहिलीची बाराखडी मी शिकवली. ज्या जागेवर मी दोन खोल्या मागते आहे, त्या जागेवर भाडेकरूंना डुंबायला देऊन मला माडीवर चढवणार?

जागा माझी आहे. मी नाही म्हणते. पूल निघेल.

हे सगळं फोनवर बोलले असते तर एव्हाना आपण दोघंही ओरडून मोकळे झालो असतो. पत्रात ते जमत नाही, म्हणून जास्त राग येतो.

आक्का


तासगाव,
१७ ऑगस्ट २०२५

आक्का,

भाड्याने द्यायचं माझ्या स्वप्नातही नाही. तू असं समजलीस, याचं मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. आईने शपथ घातली होती, ती आज मोडतोय.

तू नियम घेऊन तीनचार दिवसच झाले होते. सकाळी पूजेचं ताट हातात घेऊन आई उठली आणि उजव्या अंगावर कोसळली. पॅरालिसिसचा झटका होता. मिरजेला नेलं, वेळेत नेलं म्हणून वाचली. बोलणं आता स्पष्ट आहे. हात सुधारतोय. पण उजवा पाय जमिनीवर टेकला की मुडपतो. दोन माणसांनी धरली तरी दोन पावलांत घामाघूम होते आणि मग पलंगावर पडून भिंतीकडे तोंड करते. आई, जी आपल्याला कधी बसलेली दिसली नाही, ती.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आक्कीला कळवू नगंस. कळलं तर ती पळत यील, तिचा नियम मोडंल. माझ्यापायी तिचा नियम मोडला तर मी त्वांड न्हाई दाखवायची." सुंदरीकडून आणि माझ्याकडून डोक्यावर हात ठेवून कबूल करून घेतलं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मागचा पूल बघितला आणि म्हणाल्या, तुमच्या घरात औषध आहे की. छातीएवढ्या पाण्यात अंगाचं वजन जाणवत नाही, तिथं चालवा. आईने आधी साफ नकार दिला. मग पाणी गाळून भरू, औषध टाकणार नाही, रोज बदलू, अशा सगळ्या अटी मान्य केल्या तेव्हा तयार झाली. गेल्या आठवड्यात सुंदरीने पहिल्यांदा पाण्यात उतरवली. आक्का, ती चालली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सुंदरीचा एक हात धरून. पलीकडे पोचल्यावर मला म्हणाली, "बघतोस काय? आता परत जायाचं हाय."

रेलिंग तिच्यासाठी. कोमट पाणी तिच्यासाठी. पण पूल गळतो, बोअर थकत आलाय, दोन दिवस पाणी भरलं नाही तर ती दोन दिवस पलंगावर. आता सांग काय करू. जागा तुझीच आहे आणि तुझ्या दोन खोल्यांचं मला कळत नाही असं नाही.

श्रेणिक


सातारा,
२२ ऑगस्ट २०२५

चि. श्रेणिक,

पत्र दुपारी मिळालं. वाचलं, पिशवी भरली आणि स्टँडवर गेले. विट्यावरून जाणारी तासगावची गाडी लागली होती. चढले, खिडकीपाशी बसले, मांडीवर पिशवी. आणि मग आईचं वाक्य आठवलं. माझ्यापायी नियम मोडला तर तोंड दाखवणार नाही. तू तिला ओळखतोस, मीही ओळखते. मी दारात उभी राहिले असते आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली असती. पाय सुधारायचा राहिला बाजूला, तिला वाटलं असतं की आपण दोघींचंही वाटोळं केलं. मी उठून खाली उतरले. कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, येताय का न्हाई? गाडी सुटली." मी म्हटलं, दिवाळीला येते. त्याने घंटी मारली.

घरी येऊन रडले. फोनवर तुला ते ऐकू गेलं असतं, इथं लिहून सांगावं लागतंय. तुझ्यावर नको ते आरोप केले, ते मनातून काढून टाक. आणि सुंदरीला सांग, की तिचे हात माझ्या हातांच्या जागी आहेत.

पूल दुरुस्त कर. उद्याच कर. पाइपापुरती जमीन खणावी लागली तर खण, पण फावड्याआधी हाताने माती उकर आणि गांडुळं बाजूला ठेव.

माझ्या खोल्यांचं राहू दे. वर्षभर नाही, कायमचं राहू दे. आई ज्या पाण्यात चालते तिथं मुरूम ओतून मी भिंती उभ्या करणार नाही. घरमालकिणीला मी आजच सांगितलं, की करार पुढे चालू ठेवा. सवय होते माणसाला. दिवाळीला येईन, वरच्या खोलीत राहीन, परत जाईन.

आईला यातलं काही बोलू नकोस. मला कळलंय हेही सांगू नकोस.

तुझी,
आक्का


तासगाव,
१० सप्टेंबर २०२५

ती. आक्काताईस,
जय जिनेंद्र.

गळती सापडली. ऐक, आणि बसून वाच.

रसूलभाई फरशा उखडायला माणसं घेऊन आला होता. सुरुवात करण्याआधी मी म्हटलं, पंपाच्या खोलीकडे एकदा बघून घेऊ. बघतो तर पंपाजवळचा पाइप तापून वाकडा झालेला, आणि जमिनीत शिरतो तिथला जोड सुटलेला. सगळं पाणी तिथून खाली मुरत होतं. पूल शाबूत, एका फरशीलाही तडा नाही. पण पाइप तापला कशाने? पंपाला पाणीच मिळत नव्हतं. म्हणून तळातली जाळी उघडली. जाळीच्या आत काय असावं? शेवाळाने बरबटलेलं, सुतळीने गच्च बांधलेलं, चौपदरी गाळणं. धोतराचं.

गाळणं हातात घेऊन मी आईसमोर उभा राहिलो. खुर्चीतून तिने ते नीट निरखलं आणि म्हणाली, "व्हय, मीच बांधलं. उन्हाळ्यात हौद धुवायला रिकामा केलावतास तवा. त्या तोंडातनं पाकोळ्या, मुंग्या, बारकी बेडकं पंपात वढून जायाची. मला बघवंना." मी म्हणालो, अगं, त्याने पंप कोरडा चालला, पाइप जळला, पूल गळायला लागला. तर म्हणते, "मग? जीव वाचले का न्हाई?"

रसूलभाई हसून हसून पायरीवर बसला. त्याचं मोठं काम गेलं, त्याचंही त्याला काही वाटलं नाही. पाइप बदलायला अर्धा दिवस लागला. आई खुर्ची टाकून खड्ड्यापाशी बसली होती आणि एकेक गांडूळ कुंडीत जाईपर्यंत रसूलभाईला खोऱ्याला हात लावू देत नव्हती.

आता पाणी उतरत नाही. पंप काढूनच टाकला. द्राक्षबागेच्या ठिबकचा वाळूचा फिल्टर पुलाला जोडला, पाइपाच्या तोंडावर कापड बांधलं. बोअरचं पाणी गाळून पुलात येतं, आई चालते, दुसऱ्या दिवशी तेच पाणी बागेला जातं. औषध नाही, साठवण नाही, जीव मरत नाही. आईला हे इतकं आवडलंय, की येणाऱ्या-जाणाऱ्याला पूल दाखवते. हीच बाई आठ वर्षं, ते गाळणं बांधायचं सोडलं तर, दारापुढे आली नव्हती.

एक चुकलं. तुझं पत्र मी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं होतं. आईने सुंदरीला ते वाचून दाखवायला लावलं. पूर्ण. आता म्हणते, पुढचं पत्र मी सांगणार.

तुझा,
श्रेणिक


तासगाव,
८ ऑक्टोबर २०२५

वन्सं, नमस्कार. सुंदरी लिहिते आहे. आई सांगतील तसंच लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, अशी तंबी आहे. इथून पुढे आई.

आक्के,

तू गाडीत बसून खाली उतरलीस, ते लय चांगलं केलंस. माझी लेक हायस. ते वाचलं तवा मला रडू आलं, पन ह्या दोघास्नी दावलं न्हाई.

तू खोल्या सोडल्यास म्हनं. कुनाला इचारून सोडल्यास? ती जागा तुज्या अण्णांनी तुला दिली, तवा मी शेजारी हुते. पोरीला जागा कशाला म्हनून लोकं बोलली, तवा मी त्यास्नी काय सुनावलं ते तुला ठावं न्हाई. आनि तू पाय मुडपला म्हनून सोडून देतीस? पाय माझा मुडपलाय, तुझा न्हाई.

हौद म्हंजे औषधाची बाटली. दुखनं बरं झाल्यावर रिकामी बाटली कोन फळीवर मांडून ठेवतं? तुमी दोघं म्हैनाभर भांडलासा, ठेवायचा का काढायचा. ज्यो त्यात चालतोय त्याला कुनी इचारलं न्हाई. मी सांगते आता. मी जमिनीवर चालोस्तवर हौद ऱ्हाईल. चालाया लागले की त्याचं काम संपलं.

आज काठी घेऊन पलंगापासनं सैपाकघराच्या दारापतुर आले. सुंदरी मागं हुती, पन धरलं न्हवतं. सुंदरी, लिव की, धरलं न्हवतं म्हनून. दारातनं सगळा हौद दिसतो. तिथं हुबी ऱ्हाऊन मी तुज्या खोल्या कुठवर येत्यात ते बघितलं. लय लांब न्हाई. तेवढं मी येते.

दिवाळीला महावीरांना निर्वाण लाडू चढवून झाला की पयल्या गाडीनं ये. पानी कोमट हाय. एका बाजूनं सुंदरी धरती, दुसऱ्या बाजूचा हात मोकळाच हाय, त्यो तुजा. घरमालकिणीला सांग, करार नगं. श्रेणिकला मी सांगितलंय, संक्रांत झाली की मुरूम आन. हौद बुजवायच्या आधी बेडकं काढून हिरीत सोडायची, बादली मी दीन.

दार माज्या दारासमोर ठेव, तुला पायजे तसं. कुलूप तुजंच लाव. फकस्त उंबरा घालू नगंस. माजा उजवा पाय अजून तेवढा उचलत न्हाई.

आईचा आशीर्वाद